नवी बॅटरी दोन महिन्यांत उतरते: डायनमो बदलायचा का?

जनकगंजकर
डिझेल हॅचबॅक, ११ वर्षं जुनी. रोजचं चालणं ग्वाल्हेरमध्येच, लष्कर ते मुरार, तेवढंच. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन महिन्यांपूर्वी नवी टाकली. सकाळी सेल्फ मारला की इंजिन जड फिरतं. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.१ व्होल्ट, इंजिन चालू करून एसी-हेडलाइट लावले की १३.२. चार्जिंगचा लाल दिवा वेळेवर विझतो. मेकॅनिक म्हणतात डायनमो बदला. बदलू का?

बाड्यावरचा
इतक्यात नको. दिवा विझला म्हणजे डायनमो वीज करतोय एवढंच कळतं, ती बॅटरीत किती पोचते हे नाही. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.१ म्हणजे ती अर्धीही भरलेली नाही. चार्जिंगला १३.८ ते १४.५ हवेत.

एसी, हेडलाइट लावून, रेस १५०० वर धरून मल्टिमीटरने तीन मापं घ्या. पहिलं, डायनमोच्या मागचा जाड तारेचा बोल्ट ते डायनमोची बॉडी. दुसरं, तोच बोल्ट ते बॅटरीचा प्लस. तिसरं, डायनमोची बॉडी ते बॅटरीचा मायनस. प्रोब शिशाच्या खुंटीवरच टेकवा. क्लॅम्पवर टेकवलात तर क्लॅम्पखालचा गंज मापातून सुटतो. दुसरं आणि तिसरं ०.२ च्या आत यायला हवं. तारा बेल्टपासून लांब.

आणि कृपा करून चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘तपासू’ देऊ नका कुणाला. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (गाडीचा कंप्युटर), डायनमोतले डायोड जळू शकतात.

थाटीपूर
बेल्टही बघा: सैल किंवा चकाकी आलेला असेल तर लोडवर घसरतो. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने मायनसच्या तारेत मीटर लावा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जात असेल तर एकेक फ्यूज काढून चोर शोधा.

जनकगंजकर
बेल्ट ठीक. लॉक केल्यावर ३० मिलिअँपिअर. तीन मापं: १४.२, ०.१२, ०.८५.

बाड्यावरचा
डायनमो निर्दोष आहे, अर्थिंग खराब आहे. ०.८५ व्होल्ट मायनसच्या वाटेतच खर्च होतोय. सेल्फचा करंटही त्याच तारेतून जातो, आणि तो कितीतरी पट मोठा, म्हणून इंजिन जड फिरतं. एकाच दोषाची ही दोन लक्षणं.

मायनस ते गिअरबॉक्स ही केबल सोडा. दोन्ही टोकं आणि खालची जागा पॉलिश पेपरने पांढरी होईतो घासा, बोल्ट कसून आवळा, वरून पेट्रोलियम जेली. क्रिंपपाशी, म्हणजे तार टोकाच्या टर्मिनलमध्ये दाबून बसवलेली असते तिथे, रबर जरा मागे सरकवून बघा. तांबं हिरवं पडलं असेल तर घासून भागणार नाही, तेवढ्याच जाडीची नवी केबल घ्या.

थाटीपूर
त्यानंतर बॅटरी बाहेरच्या चार्जरवर ४ अँपिअरने भरून घ्या, आठ-नऊ तास लागतील. लष्कर-मुरारच्या फेरीत रिकामी बॅटरी भरत नाही. झाकणाची असेल तर पाणीही बघा. ग्वाल्हेरच्या मे-जूनमध्ये ते झपाट्याने उतरतं. प्लेटा उघड्या दिसल्या तर बुडतील इतकंच डिस्टिल्ड पाणी आधी घाला, बाकी चार्जिंग झाल्यावर. नळाचं नाही.