मदत हवी आहे : अमरत्वावर बोलायचंय, पेशींचं गणित कुणी समजावेल का?

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर 'विज्ञानाने माणूस अमर होईल का' यावर मला बोलायचंय. मी निवृत्त बँकवाला, जीवशास्त्र दहावीपुरतं. (विषय सुचवणारा पठ्ठ्या स्वतः बोलायला तयार नाही, ते असो.)

वाचून कळलं ते असं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या साध्या पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे हेफ्लिक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवलं. दर विभाजनात गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, झिजतात. टेलोमरेज नावाचं विकर (एन्झाइम) ती पुन्हा वाढवतं. त्या संशोधनाला २००९ चं नोबेलही मिळालं. मग ते विकर सगळ्या पेशींत चालू केलं की झालं! पण कर्करोगाच्या बहुतेक पेशी नेमकं तेच वापरून अमर्याद वाढतात. मग म्हातारपण हा कर्करोगाविरुद्धचा बंदोबस्तच म्हणायचा का? इथेच मी अडकलोय.

दुसरं, यामानाका या जपानी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये चार जनुकं वापरून उंदराच्या प्रौढ पेशींना मूळ पेशींसारखं (ज्यांपासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते) बनवलं. जिवंत शरीरात हे अर्धवटच करून, म्हणजे पेशी तरुण होईल पण आपलं काम विसरणार नाही अशा बेताने, थांबवता येतं का?

परिणामांचं मी बघून घेईन. पेन्शन कोण देणार, पणजोबाच धडधाकट असतील तर सातबाऱ्यावर पोरांची नावं कधी चढणार, यावर आमचा कट्टा तासभर भांडेल. शिवाय अमृताचा थेंब सांडला म्हणून कुंभ भरवणारं गाव आपलं, तो विषय निघणारच.

जीवशास्त्र शिकवणारं कुणी नाशकात असेल तर कृपया मेसेज करा. मराठीत सोपं वाचायला काही असेल तर तेही सुचवा.