11 केव्ही लाईन बंद केल्यावर अर्थिंग एका बाजूला पुरतं का? बाजूला 33 केव्ही चालू आहे (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, मी ठेकेदाराकडे लाईनवर काम करतो. आमच्याकडे 11 केव्हीचा शेतीचा फीडर आहे, त्याला लागूनच बऱ्याच लांबपर्यंत 33 केव्हीची लाईन जाते आणि ती चालूच राहणार. पुढच्या आठवड्यात शेतीच्या लाईनवर पिन इन्सुलेटर बदलायचेत.

इथली पद्धत अशी की सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट (लाईन बंद करून कामाची लेखी परवानगी) घ्यायचं, एबी स्विच (लाईन तोडणारा पोलवरचा तीन ब्लेडचा स्विच) खाली ओढायचा, डिस्चार्ज रॉड (जमिनीला जोडलेली दांडी) एकदा तारांना टेकवायचा, काढायचा आणि चढायचं. मला हे पटत नाहीये. रॉड टेकवला तेव्हा तारेत जे काही होतं ते जमिनीत गेलं, पण नंतर सप्लाय आला तर काय? परमिटमुळे फक्त सबस्टेशनकडनं येणारा सप्लाय बंद होतो ना. लाईनवर पोल्ट्री आहे, पिठाची गिरणी आहे, एक मंगल कार्यालय आहे, सगळीकडे जनरेटर, आणि चेंजओव्हर स्विच (जनरेटर चालू करताना लाईन तोडणारा) किती जणांनी नीट बसवलाय देव जाणे. डीपीचे (पोलवरच्या ट्रान्सफॉर्मरचे) डीओ, म्हणजे 11 केव्हीकडचे फ्यूज, काढले नसतील आणि कुणी खालून 230 व्होल्ट दिले तर तोच ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो, 11 केव्ही/433 व्होल्टचा आहे म्हणजे लोड कमी असला तर वर 10 हजार व्होल्टच्या आसपास निघतात. मिटरचा 230 आणि पोलवरचे 10 हजार, खालच्या माणसाला कल्पनाही नसते.

म्हणून मी म्हणतोय की आधी एबी स्विचची तिन्ही ब्लेड उघडलीत का ते डोळ्यांनी बघायचं (एखादं अडकून राहतं), मधल्या डीप्यांचे डीओ काढायचे, तारेत व्होल्टेज नाही ना ते डिटेक्टरने तपासायचं, मग अर्थिंग लावून (तारा जमिनीला जोडून) काम संपेपर्यंत तसंच ठेवायचं. लावताना आधी जमिनीकडचं टोक, मग तारेकडचं, काढताना आधी तारेकडचं. एवढं मला पक्कं माहितीय.

अडलंय पुढे. कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग लावावं असं मी शिकलो, पण आमच्यातले एक जुने दादा म्हणतात की शेजारच्या 33 केव्हीच्या इंडक्शनमुळे (चालू लाईनमुळे बंद तारेत न जोडताही तयार होणाऱ्या व्होल्टेजमुळे) दोन अर्थिंगच्या मधे करंट फिरत राहतो, म्हणून एकाच बाजूला लाव. त्यांचा अनुभव मोठा आहे, आणि करंट फिरतो हे खरंही असेल, पण एकाच बाजूला लावलं तर दुसरीकडनं रिटर्न सप्लाय आला की मी मधेच ना? शिवाय अर्थिंग दोन-तीन पोल लांब असेल तर मी ज्या पोलवर आहे तिथल्या तारेत आणि पोलमधे व्होल्टेजचा फरक राहणार नाही का, की तिथे वेगळं तिसरं लावायचं?

रॉडचा सेट आमच्याकडे एकच आहे, दुसरा ठेकेदाराकडे मागितलाय, अजून दिलेला नाही. तो येईपर्यंत काम थांबवा असं सांगणार आहे, पण सांगताना नीट कारण देता यायला हवं. चालू लाईनच्या शेजारी ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया सांगा, तुम्ही अर्थिंग नेमकं कुठे कुठे लावता?