तासगावचा निकाल उशिरा कळला. सांगलीत अपील आता घेतील का?

बागायतदार, तासगाव
आमच्या द्राक्षबागेतून शेजाऱ्यांना रस्ता द्यावा, असा निकाल तासगावच्या दिवाणी कोर्टात जूनमध्ये लागला. जमीन आईच्या नावावर, प्रतिवादी तीच. त्याच सुमारास ती अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं. आम्ही सगळे दवाखान्यातच होतो. वकिलांकडून निरोप आला नाही. कोर्टाचा बेलिफ दरखास्तीची, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीची, नोटीस घेऊन दारात आला, तेव्हाच सगळं कळलं. रस्ता दाखवलाय तिथे मांडवाचे अँगल आहेत, ठिबकची मेन लाइन आहे आणि नुकतीच फळछाटणी झालीय. बांधाच्या कडेनं रस्ता द्यायला आईची कधीच ना नव्हती. बागेच्या मधूनच कशासाठी, एवढंच तिचं म्हणणं. कळलं त्या दिवसापासून मुदत धरतात का?

विट्याचा वकील
नाही. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला हुकूमनाम्याच्या, म्हणजे निकालाच्या आदेशाच्या, तारखेपासून ३० दिवस. कधी कळलं, हे उशिराचं कारण म्हणून सांगायचं. मुदत कायदा १९६३ च्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करा. तो अपिलासोबतच, आईच्या शपथपत्रासह द्यावा लागतो. निकालाच्या नकलेचा अर्ज आजच टाका. मुदतीत अर्ज केला असता, तर नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वजा झाले असते. आता ती सवलत नाही.

'वकिलांनी सांगितलं नाही' एवढ्या एका ओळीवर अर्ज उभा करू नका. पडल्याची तारीख, ऑपरेशन, डिस्चार्ज, नंतर अंथरुणावर काढलेला काळ, नोटीस कधी मिळाली, हे सगळं तारीखवार येऊ द्या. मधे रिकामी जागा दिसली की समोरचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात. कातीजी खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८७ मध्ये विलंब माफ करताना उदार दृष्टी ठेवायला सांगितलंय, पण उदारपणालाही कागद लागतो.

मिरजकर
आमच्या चुलत्यांच्या वेळी डिस्चार्ज कार्डापेक्षा फिजिओथेरपीच्या पावत्या कामी आल्या. डिस्चार्ज म्हणजे माणूस बरा झाला, असंच समोरचे म्हणत होते. घरी येऊनही त्यांना वॉकरशिवाय उठता येत नव्हतं, हे त्या पावत्यांवरून दिसलं. तुमच्या आईंच्या एक्स-रेच्या तारखाही जोडा.

बागायतदार, तासगाव
पावत्या आहेत, आजच काढतो. अपील दाखल झालं की दरखास्त थांबते ना? मांडव पाडला तर हंगामच गेला.

विट्याचा वकील
आपोआप थांबत नाही, आणि तुमची खरी घाई इथेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ३अ प्रमाणे विलंबाचा प्रश्न सुटून अपील ऐकायचं ठरेपर्यंत वरचं कोर्ट दरखास्तीला स्थगिती देऊ शकत नाही. म्हणून विलंबाच्या अर्जावर तातडीनं सुनावणी मागा. शेजाऱ्यांनी सांगलीत कॅव्हेट, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा आगाऊ अर्ज, टाकलंय का, तेही पाहून घ्या. असेल तर त्यांना आधी प्रती द्याव्या लागतील. दरखास्तीतही हजर राहा. बांधाकडेच्या रस्त्याची तयारी नकाशासह लेखी द्या. समोरच्यांनी मानलं तर तडजोड तिथेही नोंदवता येते.

सांगलीहून एक वाचक
फीची अडचण असेल, तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. आईंना चालवत नसेल तर अर्जावर त्यांची सही घेऊन तुम्हीच जा.