मदत हवी आहे: नदीकाठची पट्टी सोडायला शेतकरी तयार कसे होतील?

काठावरचा
गुरुवारी गावात बैठक आहे, त्यामुळे जरा लवकर सांगा. काठाने दहा-बारा फूट नांगरायचं नाही, तिथली झाडं राहू द्यायची, मागणी एवढीच. गेल्या पावसाळ्यात आम्ही पोरांनी करंज, जांभूळ, उंबर लावले. उसाचं पाचट (वाळलेला पाला) पेटवलं त्यात निम्मी होरपळली. ज्याला विचारावं तो म्हणतो, "जाळ शेजारच्या रानातनं आला." पर्यावरणावर भाषणं देऊन झाली आहेत, ती नकोत. शेतकरी नक्की कशाने हलतो ते सांगा.

दुष्काळी_माणूस
कोणती नदी? पाणी बारमाही आहे का? काठ ढासळतो का?

बेटवाला
बांबू लावा. विषय संपला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर शेतातला बांबू कायद्याने 'झाड' नाही, तोडायला परवाना लागत नाही. पैसा दिसला की शेतकरी आपोआप राखतो. माझ्याकडे माणगा जातीचा बांबू आहे, रोपं हवी असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

काठावरचा
वारणा. सांगलीकडचा काठ, मळीची (नदीच्या गाळाची) रानं, सगळा ऊस. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर काठ तुटतोच आहे. बांबूचं विचारलेलं नाही.

दुष्काळी_माणूस
मग राजस्थानातली अरवरी बघा. अलवर जिल्ह्यात ७२ गावांनी जोहड (पावसाचं पाणी अडवणारे मातीचे बंधारे) बांधून नदी वाहती केली. सरकारने मासेमारीचा ठेका दिला तेव्हा लोक आडवे आले आणि त्यातून नदीची संसद उभी राहिली. लोकांना नदी आपली वाटली पाहिजे.

सरीवरंबा
दादा, तिथे प्यायला पाणी नव्हतं म्हणून लोक एक झाले. वारणेला वर चांदोली धरण आहे, बटण दाबलं की पाणी. ज्याला तहान नाही त्याला विहिरीची गोष्ट सांगून काय उपयोग?

कलमबहाद्दर
सरकारने आखलेल्या निळ्या पूररेषेच्या आत काही करता येत नाही. सरळ तक्रार करा, नोटिसा निघाल्या की सुतासारखे सरळ होतील.

सरीवरंबा
निळी रेषा बांधकामाला, नांगराला नाही. आणि नोटिशीचं नाव काढलंत तर बैठकीला कुत्रंसुद्धा यायचं नाही. लोकांना आधीच धास्ती आहे की आज झाडं लावली तर उद्या सातबाऱ्यावर नोंद होऊन पट्टी हातची जाईल. ही भीती बैठकीत पहिल्यांदा काढा, नदीचं नंतर.

मगरमिठी
झाडी वाढली की मगर येते हे कोण सांगणार? कृष्णेत आहेत तशा वारणेतही आहेत. आमच्याकडे बायका धुण्याला जात नाहीत.

काठावरचा
मगर उघड्या काठावर ऊन खात पडते, अंडीही तिथेच मातीत घालते. झाडीचा काय संबंध? विषयावर या की राव.

नवीन_सभासद
नदीवरून कृषिपंपाचं कनेक्शन घ्यायला कोणते कागद लागतात?

मळीवाली
भाऊ, एक विचारू? ती रानं कसतंय कोण? मालक की भाड्याने कसणारा खंडकरी?

काठावरचा
निम्मे मालक पुण्या-मुंबईला. रानं खंडाने दिलेली. का?

मळीवाली
मग जांभळाचं त्याने काय करायचं? खंड वर्षाचा, पुढच्या साली रान त्याच्याकडे असेल की नाही कुणास ठाऊक. पाचट पेटवलं की खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या नव्या फुटव्याला) रान लगेच मोकळं होतं, तो पेटवणारच. मालकाला फोन करा आणि पट्टीपुरता खंड कमी करायला लावा.

दुसरं, तुमचा काठ उत्तरेचा. म्हणजे झाडं रानाच्या दक्षिणेला. थंडीत सूर्य खाली असतो, सावली सरळ उसावर पडते आणि कडेच्या सऱ्या बारीक राहतात. आमचे सासरे याच कारणाने झाड ठेवू देत नव्हते. आम्ही वरच्या कडेला वाळा आणि निर्गुडी लावली. वाळ्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि जाळ लागला तरी बुडख्यातून पुन्हा फुटतो. वाळुंज आणि शेरणी ही ओलीतली झाडं-झुडपं खाली, पाण्यालगत. काठ उंच असला तर तिथल्या झाडाची सावली रानापर्यंत पोचत नाही.

बेटवाला
बांबूही काठ धरतो.

मळीवाली
धरतो, वरचा थर. पाणी खालून कापायला लागलं की बेटासकट दरड नदीत जाते. पाहिलंय.

सरीवरंबा
ताईंचं बरोबर आहे. त्यात माझी भर: ज्यांच्या मोटारी काठावर आहेत त्यांना आधी गाठा. काठ तुटला की पाइप उघडा पडतो, पूर ओसरला की जॅकवेल (पाणी उपसायची काठावरची विहीर) गाळाने भरलेली. नदीवर प्रेम असो-नसो, पाइपवर आहे. गावात पाणीपुरवठा संस्था असेल तर पट्टी सोडणाऱ्याला पाणीपट्टीत सूट द्यायला सांगा. आणि पाचट पेटवण्याऐवजी कुट्टीचं यंत्र संस्थेनेच आणलं तर खंडकऱ्याचा प्रश्नही मिटेल.

कलमबहाद्दर
सूट द्यायला ठराव लागतो. असा तोंडी होत नाही.

सरीवरंबा
मग लिहून द्या की मसुदा. तेवढी तरी मदत करा.

काठावरचा
संस्था आहे, चेअरमनच्याच जॅकवेलशेजारची दरड तुटली आहे. आज संध्याकाळी जातो. मळीवाली ताई, वाळुंजाची छाटं कधी लावायची, आत्ता की पाणी उतरल्यावर? आणि किती जाडीची?

नवीन_सभासद
कनेक्शनचं कुणी सांगेल का?