मदत हवी आहे: अपंगत्वाच्या दाखल्यासाठी डॉक्टरांची साक्ष कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ फरशी बसवणारा मिस्त्री. ट्रकच्या धडकेत उजव्या गुडघ्याचा चुरा झाला, आत प्लेट आणि सहा स्क्रू आहेत. उकिडवं बसताच येत नाही, जेवतानासुद्धा पाय लांब करून बसतो. असा माणूस फरशी कशी बसवणार?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली भरपाईचा दावा चालू आहे. सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर 35 टक्के कायमचं अपंगत्व लिहिलंय. विमा कंपनीचे वकील म्हणतात, हे फक्त पायाचं, अख्ख्या शरीराचं धरलं तर फार कमी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' निकालात कमाईची क्षमता किती गेली ते माणसाचं काम बघून ठरवायला सांगितलंय, तो आमचा आधार. पण त्याच निकालाप्रमाणे नुसता दाखला पुरत नाही, उपचार केलेल्या किंवा तपासलेल्या डॉक्टरांची साक्ष लागते. आणि दाखल्यावर सही करणाऱ्या डॉक्टरांची बदली झाली आहे.

मग ऑपरेशन केलेल्या सर्जनना समन्स काढायचं, की कोर्ट कमिशनर नेमून बदलीच्या गावी साक्ष नोंदवून घ्यायची? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. पुढची तारीख तीन आठवड्यांवर आहे.