टाउनशिपच्या सभेत प्रार्थना म्हणायचं आमंत्रण आलं होतं, मी नको म्हटलं

अनिरुद्ध (न्यू जर्सी):

मागच्या महिन्यात आमच्या टाउनशिपच्या क्लार्कबाईंचा फोन आला. कौन्सिलच्या दर सभेआधी दोन मिनिटं प्रार्थना होते, आजवर ती पाद्रीच म्हणत आले, आता इतर धर्मांच्या लोकांनाही बोलवायचं ठरलंय, तर पुढच्या वेळी तुम्ही याल का? मंदिराच्या समितीने माझं नाव सुचवलं होतं. बाई मनापासून बोलत होत्या. मी एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवलं. तेव्हापासून मंदिरात निम्मी मंडळी माझ्याशी तुटक वागतात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मी देव मानणारा माणूस आहे. साताऱ्याच्या घरात तिन्हीसांजेला दिव्यापाशी शुभंकरोति म्हणत वाढलो, इथेही रोज पूजा होते. तेव्हा 'तू नास्तिक झालास' हा शेरा कृपया नको.

दोन वर्षांपूर्वी आमच्या रस्त्यावर पावसाचं पाणी तुंबून तीन घरांच्या बेसमेंटमध्ये शिरलं. ती तक्रार घेऊन मी पहिल्यांदा सभेला गेलो. लहानसा हॉल, पन्नासेक खुर्च्या, समोर उंचावर पाच सदस्य. झेंड्याला वंदन झालं, मग पाद्री पुढे आले आणि म्हणाले, सगळ्यांनी उभं राहून मस्तक लववावं. प्रार्थना येशूच्या नावाने संपली. मीही उभा होतो, मान खाली होती. कारण दहा मिनिटांनी त्याच पाच जणांपुढे माइकपाशी जाऊन मला 'आमच्या नाल्याचं बघा' म्हणायचं होतं. बसून राहिलो असतो तरी कोणी काही बोललं नसतं, हे मला कळत होतं. पण बसायची छाती झाली नाही. आता तीच वेळ माझ्या देवाच्या नावाने मी दुसऱ्यावर आणू?

हा प्रश्न सुप्रीम कोर्टात जाऊन आलाय. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ ग्रीस नावाचं गाव आहे. तिथे १९९९ ते २००७ या काळात प्रार्थना म्हणणारे झाडून सगळे ख्रिस्ती होते. दोन रहिवासी बायकांनी, एक ज्यू आणि एक नास्तिक, दावा लावला. २०१४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल गावाच्या बाजूने लागला. त्यामुळे आमचं कौन्सिल बेकायदा काही करत नाही, हे मान्य. पण न्यायमूर्ती एलेना केगन यांचं विरोधी निकालपत्र वाचताना मला तो हॉल दिसत होता. त्यांचं म्हणणं असं की संसदेत सदस्य आपापसात प्रार्थना करतात ते वेगळं, आणि गावच्या सभेत साधा नागरिक काम घेऊन उभा राहतो ते वेगळं. त्या घडीला सरकारने त्याला धर्मावरून बाजूला पाडू नये.

१७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत धर्माबद्दल दोन गोष्टी आहेत. सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करायचा नाही आणि कुणाच्या धर्माचरणात आडवं यायचं नाही. दुसऱ्या गोष्टीच्या जोरावर आपण या देशात मंदिरं उभारली. मग पहिली सांभाळायची जबाबदारी कुणाची?

वैशाली (ओहायो):

अनिरुद्ध, तुमची तळमळ पोहोचली, तरी निर्णय मला चुकलेलाच वाटतो. तुम्ही नको म्हटल्याने प्रार्थना बंद झाली का? नाही. पुढच्या महिन्यात तेच पाद्री येतील आणि हॉलमधल्या लोकांना वाटेल, हिंदूंना बोलावलं होतं, ते आले नाहीत.

१२ जुलै २००७ आठवा. हिंदू पुजारी राजन झेद अमेरिकी सेनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, प्रार्थनेला उभे राहिले. तिथली ती पहिली हिंदू प्रार्थना. ते तोंड उघडतात न उघडतात तोच प्रेक्षकांच्या गॅलरीतून आरडाओरडा सुरू झाला, तिघांना बाहेर काढून अटक करावी लागली. झेद थांबले आणि मग प्रार्थना पुरी केली. मी तेव्हा कोलंबसला नवीन होते. टीव्हीवर ते पाहताना पोटात गोळा आला होता, आणि त्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला तेव्हा डोळे भरून आले. त्या दिवशी त्यांनीही 'सरकारी सभागृहात प्रार्थना नकोच' म्हणून घरी राहायला हवं होतं का? त्याआधी सप्टेंबर २००० मध्ये वाजपेयी अमेरिकी काँग्रेसपुढे बोलले, त्या दिवशी हाऊसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) आमच्या ओहायोतल्याच मंदिराच्या पुजाऱ्यांनी प्रार्थना म्हटली होती. आपल्याला काही असं उचलून खुर्चीवर बसवलेलं नाही, एकेकाने जाऊन जागा केली आहे.

आणि धर्म सार्वजनिक जीवनाबाहेर ठेवायचा तर मार्टिन ल्युथर किंगना कुठे ठेवाल? बसमध्ये काळ्या लोकांना वेगळं बसवण्याविरुद्धचा माँटगोमेरीचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. ५ डिसेंबर १९५५ ची पहिली सभा चर्चमध्ये भरली होती. ती माणसं भजनं गात एकत्र आली, पैसे चर्चमध्ये जमले, गाड्या चर्चमधून सुटल्या. या देशाने आपल्या राज्यघटनेला जागावं म्हणून ज्यांनी हाडाची काडं केली, त्यांचा जोर श्रद्धेचाच होता.

अनिरुद्ध:

वैशालीताई, किंग यांच्याबद्दलचा शब्द न् शब्द मान्य. पण ते सरकारच्या वतीने उभे नव्हते, सरकारपुढे उभे होते. पाद्री म्हणून, देवाचं नाव घेऊन त्यांनी सत्तेला जाब विचारला. तो त्यांचा हक्क होता आणि पहिल्या घटनादुरुस्तीने तोच राखलाय. उद्या मी नाल्याबद्दल बोलताना 'माझ्या धर्मात शेजाऱ्याची काळजी घ्यायला सांगितलंय' असं म्हटलं तर कुणाची हरकत नसावी. पण क्लार्क मला बोलावते, सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव छापते आणि मी सगळ्यांना प्रार्थनेला उभं करतो, तेव्हा मी कौन्सिलच्या बाजूने बोलत असतो. माझं म्हणणं एवढ्या एका गोष्टीपुरतंच आहे.

मंदार (डॅलस):

मी अनिरुद्धच्या बाजूने. आमच्या टेक्ससमध्ये २०२५ मध्ये कायदा झाला की प्रत्येक सरकारी शाळेच्या वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायच्या, किमान १६ बाय २० इंचांच्या. प्रकरण कोर्टात गेलं, पण पहिल्या आठवड्यात माझ्या मुलाने घरी येऊन विचारलं, "बाबा, पहिल्या ओळीत लिहिलंय की दुसरा देव मानायचा नाही. मग आपण?" तो आठ वर्षांचा आहे. मी त्याला काय सांगायला हवं होतं, तुम्हीच सांगा.

१९४३ चा एक खटला मला फार जवळचा वाटतो. वेस्ट व्हर्जिनियात यहोवाज विटनेसेस पंथाच्या दोन बहिणींनी शाळेत झेंड्याला वंदन करायला नकार दिला, कारण त्यांच्या श्रद्धेत ती मूर्तिपूजा ठरत होती. शाळेने त्यांना काढून टाकलं. महायुद्ध भरात होतं, देशप्रेमाची लाट होती. अशाच आदल्या खटल्यात, १९४० मध्ये, कोर्टाने शाळेच्या बाजूने कौल दिला होता. तीन वर्षांत तेच कोर्ट मागे फिरलं आणि १४ जूनला, नेमक्या ध्वजदिनी, न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिलं की देशप्रेम असो वा धर्म, त्यात काय प्रमाण मानायचं हे कोणताही अधिकारी, मोठा असो वा लहान, ठरवू शकत नाही. त्या पोरी देवभोळ्या होत्या, आणि त्यांच्यामुळे माझ्या मुलाला आज गप्प राहायचा हक्क आहे. वैशालीताई, सरकारला धर्मापासून लांब ठेवलं की श्रद्धाळू माणसाचंच रक्षण होतं, हे मला त्या खटल्याने शिकवलं.

वैशाली:

मंदार, मुलाचं वाचून वाईट वाटलं. वर्गाच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे. मुलं शाळेतून उठून जाऊ शकत नाहीत. पण कौन्सिलमध्ये मोठी माणसं असतात आणि कोर्टानेही हाच फरक केलाय. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नका.

भालचंद्र (पुणे):

तुमच्या देशाच्या भानगडीत मी पडू नये, पण एक आठवण सांगतो. १७ ऑक्टोबर १९४९ ला आपल्या संविधान सभेत एच. व्ही. कामतांनी सुचवलं की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी करावी. भाव निर्मळ होता. विरोधाला उभे राहिलेल्यांत पंडित हृदयनाथ कुंझरू होते, गोखल्यांनी इथे पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. श्रद्धेसारख्या गोष्टीत सामूहिक मत कुणावर लादू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८, सूचना पडली. त्या ६८ जणांत रोज देवाला हात जोडणारे कितीतरी असतील. अनिरुद्ध, तुम्ही त्यांच्याच पंगतीत बसलात.

वैशाली:

काका, त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथ ईश्वराच्या नावाने घ्या नाहीतर गांभीर्याने प्रतिज्ञा करा, अशी मुभा आहे. म्हणजे ईश्वराचं नाव सभागृहाबाहेर घालवलेलं नाही, निवड माणसावर सोडली. मला तेवढंच हवंय.

अनिरुद्ध:

शपथेचं निघालंच आहे तर सांगतो. २०१६ मध्ये मी इथला नागरिक झालो. इथल्या शपथेचा शेवट 'सो हेल्प मी गॉड' असा आहे, पण आधी सांगितलं तर ते चार शब्द गाळता येतात. माझ्या डावीकडे एक वयस्कर बाई जपमाळ मुठीत धरून शपथ घेत होत्या, उजवीकडचा तरुण त्या शब्दांपाशी थांबला. मी ते म्हटले, आमच्या देवघरातला बाळकृष्ण डोळ्यांपुढे आणून म्हटले. तिघांना सारखंच प्रमाणपत्र मिळालं, तिघांच्या हातात सारखाच कागदी झेंडा. ती मुभा मला फार आवडते, ताई. पण शपथ ज्याची तो घेतो. कौन्सिलची प्रार्थना एकजण म्हणतो आणि सगळ्यांच्या नावावर जमा होते.

रोहिणी (जर्सी सिटी):

माझा जन्म इथलाच, मराठी शाळेत शिकले, लिहिण्यात चूक असेल तर सांभाळून घ्या.

मी निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करते. पहाटे हजर व्हायचं, रात्री मशीनला सील लागेपर्यंत थांबायचं. आमचं केंद्र एका चर्चच्या तळघरात असतं. भिंतीवर क्रॉस, खाली मतदानाची मशीन. हिजाब घातलेली मुलगी येते, टिकली लावलेली आजी येते, मत देऊन जाते. मला तिथे कधी परकं वाटलं नाही. त्या चर्चने हॉल दिला नसता तर आजींना दोन बस बदलून जावं लागलं असतं.

म्हणून अनिरुद्धदादा, तुम्ही रेषा फार बारीक आखताय असं मला वाटतं. लोकांच्या जगण्यात सरकार आणि धर्म शेजारी राहतात, भिंत सामायिक असते. आमंत्रण घेऊन तुम्ही गेला असता तर पुढच्या वर्षी त्या कौन्सिलमध्ये शीख असते, मुस्लिम असते, कदाचित 'देव नाही, पण शेजारी आहेत' म्हणणारा कोणीतरी असता. ग्रीस गावात तक्रार झाल्यावर २००८ मध्ये ज्यू, बहाई आणि विक्का या निसर्गपूजक पंथाची पुजारीण एवढे जण येऊन गेलेच ना? मला गप्प भिंतीपेक्षा ते बरं वाटतं.

मंदार:

आले खरे, पण दावा लागायच्या बेतात आल्यावर. आणि ते वर्ष संपलं की पुन्हा सगळे ख्रिस्तीच.

वैशाली:

म्हणूनच आपण जायला हवं, न बोलावता, पुन्हा पुन्हा. मीही आमच्या गावात नाव दिलंय. पसायदान म्हणणार आहे, इंग्रजी अर्थासकट. त्यात कोणत्या एका देवाचं नाव नाही, विश्वात्मक देवाकडे मागणं आहे, आणि तेही स्वतःसाठी नाही. त्याने कोण दुखावेल?

अनिरुद्ध:

पसायदान ऐकून मलाही भरून येतं. पण १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आलेली न्यूयॉर्कच्या शाळांची प्रार्थनाही अशीच होती. २२ इंग्रजी शब्द, येशूचं नाव नाही, कोणत्याच पंथाला खुपू नये म्हणून शिक्षण मंडळाने घासूनपुसून बनवलेली. कोर्ट म्हणालं, प्रार्थना रचणं हे सरकारचं कामच नाही. मुलांची बाब वेगळी, हे तुमचं म्हणणं ध्यानात आहे. पण ज्याला देवच मान्य नाही, त्याच्या दृष्टीने विश्वात्मक देवही देवच.

शिवाय दुसरी भीती वाटते, ती जास्त खोल आहे. सगळ्यांना चालावी म्हणून आपण आपली प्रार्थना छाटत जातो. कौन्सिलला रुचेल असं पसायदान म्हणता म्हणता एक दिवस ते आपलंच राहणार नाही.

वैशाली:

मी एक शब्दही छाटणार नाही.

पण तुमच्या त्या नाल्याच्या दिवसाबद्दल दोन दिवस डोक्यात चाललंय. तुम्ही मान खाली घालून उभे होतात हे वाचल्यापासून मला आमच्या सभेतल्या मागच्या रांगेतल्या लोकांचे चेहरे आठवतात. त्यांच्यातही कोणी परवान्यासाठी आलेला असेल. म्हणून ठरवलंय, माइकपाशी गेल्यावर पहिलं वाक्य हे असेल: 'कृपया कोणीही उभं राहू नका, सगळे बसूनच राहा, मीच उभी आहे.' मग पसायदान.

अनिरुद्ध:

आमच्या पाद्रींनी ते वाक्य म्हटलं असतं तर त्या दिवशी माझी मान वर राहिली असती.

माझं उत्तर तरीही नाहीच आहे. येत्या सभेत नागरिकांच्या बोलण्यासाठी तीन मिनिटं मिळतात, तिथे मी नाव दिलंय. प्रार्थनेच्या जागी मिनिटभर शांतता ठेवावी, ज्याला ज्याचं स्मरण करायचं ते त्याने मनात करावं, अशी मागणी करणार आहे. क्लार्कबाईंना फोन करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, कौन्सिलचं काय ते सांगता येत नाही, पण तुमचं नाव यादीत लिहून घेते. आणि हो, नाल्याचं कामही अजून निम्मंच झालंय, उरलेल्या दीड मिनिटात तेही विचारायचं आहे.