झान झ्वांगमध्ये शरीर आपोआप डोलतं, थांबवावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दीड वर्ष ची कुंग, म्हणजे श्वास, हालचाल आणि लक्ष यांचा चिनी व्यायाम, करतेय. पहाटे बादुआनजिन या व्यायाममालिकेचे ८ प्रकार, मग २० मिनिटं झान झ्वांग, म्हणजे झाडाला मिठी मारल्यासारखे हात धरून, गुडघे किंचित वाकवून नुसतं उभं राहायचं. लक्ष दानतियनवर, म्हणजे बेंबीच्या खाली मानलेल्या ऊर्जाकेंद्रावर.

महिन्याभरापासून बाराव्या मिनिटाला मांड्या थरथरतात. ते समजू शकते, स्नायू दमतात. पण मग थरथर विरते आणि कमरेतून एक संथ लय सुरू होते. श्वास घेताना वजन टाचांवर, सोडताना चवड्यांवर. तळहात ऊबदार होतात, बोटांच्या टोकांत नाडी जाणवते. मी मुद्दाम डोलत नाही, खरंच.

अशा आपोआप हालचालींना चिनी परंपरेत झिफागोंग म्हणतात. कुणी सांगतं वाहू द्या, कुणी सांगतं मन दानतियनवर आणून स्थिर व्हा. परवा जोर लावून थांबवलं, तर डोकं जड झालं आणि दुपारपर्यंत छातीत घालमेल.

गुरूंकडे प्रत्यक्ष शिकलेल्यांनी कृपया सांगा, ही लय कितपत चालू द्यायची? शेवटी पोटावर हात ठेवून ऊर्जा गोळा करायला तुम्ही किती वेळ देता? आणि माझी कुंभकाची, म्हणजे श्वास रोखून धरण्याची, जुनी सवय इथे आड येत असेल का?